उभ्या नळीतलं रक्त

१९७६ साली मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत विजेवर चालणाऱ्या तीनच वस्तू होत्या. सूक्ष्मदर्शकाचा दिवा, सेंट्रिफ्यूज आणि खिडकीतला कूलर. त्यातल्या कूलरशी माझं पहिल्याच उन्हाळ्यात वाजलं. पूर्व विदर्भातला मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर लावला की टेबल थरथरतं. टेबलावर स्टँडात काचेच्या नळ्या उभ्या. त्या नळ्यांना थरथर चालत नाही, ऊन चालत नाही, कलणं तर मुळीच चालत नाही. तीन अंशांनी कलली तरी रक्त भराभर खाली बसतं आणि धडधाकट माणसाचा आकडा रोग्यासारखा दिसायला लागतो. शेवटी मी स्टँड उचलून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. त्या जुन्या इमारतीत पूर्वी कोण राहत होतं कुणास ठाऊक, कोनाड्याला दिव्याची काजळी होती. मी निवृत्त होईपर्यंत नळ्या तिथेच उभ्या राहिल्या.

ईएसआर हा शब्द आता घरोघरी झालाय. करायचं काय, तर रक्ताचे चार भाग आणि सोडियम सायट्रेटचा एक भाग मिसळायचा, तीस सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर भोकाच्या नळीत शून्याच्या रेघेपर्यंत ओढायचा, नळी उभी करायची आणि घड्याळाकडे बघत एक तास थांबायचं. तासाभराने लाल पेशी किती मिलिमीटर खाली उतरल्या ते वाचायचं. बाईमाणसाला वीसपर्यंत ठीक. पुढे गेला तर कुठेतरी काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते नळी सांगत नाही. ओढायचं म्हणजे तोंडाने ओढायचं, हे आजच्या मुलींना सांगितलं की त्या तोंड वेंगाडतात. माझ्या तोंडात दोनदा रक्त गेलंय. एड्सच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा कुठे आम्हाला रबरी फुगे मिळाले.

ही नळी आमच्याकडे मुळात क्षयाच्या रोग्यांसाठी होती. तिचा इतिहासही तसाच आहे. स्टॉकहोमच्या आल्फ वेस्टरग्रेनने १९२१ साली क्षयरोग्यांवरच तिचा वापर मांडला आणि तिला त्याचं नाव चिकटलं. त्याच्या आधी १८९७ मध्ये एडमंड बिएर्नात्स्की नावाच्या पोलिश डॉक्टरने निरनिराळ्या रोग्यांचं रक्त निरनिराळ्या वेगाने खाली बसतं हे दाखवलं होतं, पण त्याचं नाव आमच्या डीएमएलटीच्या वर्गात कुणी घेतलं नाही. तिसरा माणूस रॉबिन फोरेउस. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो निघाला होता भलत्याच कामाला. १९१८ च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की गरोदर बाईचं रक्त इतर बायांच्या रक्तापेक्षा लवकर खाली बसतं. गरोदरपण ओळखायची चाचणी सापडली असं त्याला वाटलं. ती चाचणी काही टिकली नाही, पण त्याने रक्त खाली का बसतं याचा छडा लावला. लाल पेशी एकेकट्या बसत नाहीत. नाण्यांची चळत लागावी तशा एकीला एक चिकटतात, आणि चळत जड असते म्हणून भरकन खाली जाते. अंगात सूज असली, ताप असला, पोटात बाळ असलं की रक्तातल्या पाण्यात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात आणि चळती लांब होतात.

फोरेउसने आणखी एक गंमत सांगितली आहे. ग्रीक वैद्यांचे चार देहद्रव जे म्हणतात, त्यांचं मूळ भांड्यात ठेवलेल्या रक्तातच असावं असा त्याचा अंदाज. काढलेलं रक्त ठेवून दिलं की खाली काळपट गोळा, वर लाल, त्यावर फिकट साय आणि सगळ्यांत वर पिवळं पाणी असे थर दिसतात. आजाऱ्याच्या रक्तावर ती फिकट साय जाड येते. म्हणजे हजारो वर्षं वैद्य लोक न कळत ईएसआरच बघत होते. आपल्याकडे तुंबडी लावणारे, जळवा लावणारे होते. माझ्या आजोळी एक तुंबडीवाली यायची, ती काढलेलं रक्त वाटीत ठेवून घरच्यांना दाखवायची आणि ‘बघा किती खराब होतं’ म्हणायची. तिच्या वाटीत काय थर होते ते मी बघितलं नाही, वय नव्हतं. पण रक्त काढून टाकणं हा सगळाच अडाणीपणा नव्हता एवढं पुढे मला कळलं. लाल पेशी बेसुमार वाढून रक्त काकवीसारखं होण्याचा एक आजार आहे, पॉलिसायथेमिया. पॅरिसच्या वाकेझने तो १८९२ मध्ये सांगितला. त्यात आजही रक्त काढणं हाच पहिला उपाय. त्या रोग्याची नळी तासभर हलत नाही, पेशींची इतकी दाटी असते की कुणी कुणाच्या खाली जाऊच शकत नाही. याच्या उलट मज्जेच्या कर्करोगाची नळी. प्रथिनांनी रक्त असं चिकट होतं की सगळ्या पेशी चळती लावून तासाभरात तळाला, आणि नळी वरून रिकामी वाटते. एवढी दोन टोकं मला पहिल्या दोन वर्षांत कळली होती. तिसरी गोष्ट एका पोराने शिकवली.

भाताची कापणी चालली होती म्हणजे नोव्हेंबर असावा. आई सहा-सात वर्षांच्या मुलाला काखेत घेऊन आली. त्या वयाचं मूल काखेत मावायला नको, हा मावत होता. डोळे हळदीसारखे, पोटात पाणथरी वाढलेली, पोटावर डागण्यांचे तीन जुने वण. आई म्हणाली, “बाई, लेकरू रातभर रडून रायलं. हातपाय ओढतात म्हणते.” साहलीच्या नळीत रंग जुळवून हिमोग्लोबिन बघितलं, सहा ग्रॅम. रक्त इतकं पातळ असलं की पेशींना खाली जायला मोकळी वाट मिळते, ईएसआर पन्नास-साठ तरी यायलाच हवा. तासाने कोनाड्याशी गेले, तर चार. मला वाटलं, माझंच चुकलं. सायट्रेट जास्त झालं असेल, नळी ओली असेल. दुसरी नळी लावली, पुन्हा तासभर थांबले. पुन्हा चार.

आमचे पॅथॉलॉजिस्ट सर नागपूरच्या मेडिकलला शिकलेले. मी कागद पुढे केला, चूक कुठे झाली ते सांगा म्हटलं. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग आकड्यांकडे. म्हणाले, “चूक नाही. याच्या पेशींची चळतच लागत नाहीये. सिकलिंग लाव.”

सिकलिंग लावायचं म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर मेटाबायसल्फाइटचं दोन टक्क्यांचं ताजं द्रावण, वर पातळ काच, आणि कडा हवाबंद करायच्या. द्रावण रक्तातला प्राणवायू ओढून घेतं. कडा बंद करायला पुस्तकात मेण आणि व्हॅसलीन लिहिलंय, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात मेण वाहतं. मी नेलपॉलिश वापरायची. माझ्या नखांना ते कधी लागलं नाही, पण पर्समध्ये बाटली कायम असायची, आणि नवीन आलेल्या मुली तिच्याकडे बघून काय समजायच्या ते समजोत. त्या दिवशी अर्ध्या तासाने डोळा लावला. गोल पेशी जागच्या जागी लांबत होत्या, वाकत होत्या, टोकं काढत होत्या. बाहेर बाया धान कापून आल्या होत्या, एकीच्या कमरेला विळा खोचलेला होता. मी पुन्हा डोळा लावला.

तो आकार पहिल्यांदा कागदावर उतरवणारा माणूस माझ्याच जातकुळीचा, म्हणजे हाताखालचा. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यक शिकणारा वीस वर्षांचा मुलगा दाखल झाला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. खोकला होता, ताप होता, पायावर जखमा होत्या. रक्त तपासलं ते अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने, आणि विचित्र लांबट पेशींची चित्रं काढली त्यानेच. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी सहा वर्षं वाट पाहून १९१० मध्ये लेख छापला. त्यात पेशींना विळ्याची उपमा होती, पण आजाराला नाव नव्हतं. ते, सिकल म्हणजे विळ्यावरूनच, १९२२ मध्ये व्हर्न मेसनने दिलं. रोग हेरिक यांच्या नावावर गेला. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, दातांचा दवाखाना काढला आणि १९१६ मध्ये वारला. वय बत्तीस.

अमेरिकेच्या आधीही रोग होताच. घानाचे डॉक्टर कोनोटे-अहुलू यांनी एका घराण्याच्या सांगोवांगीवरून तो १६७० पर्यंत मागे नेला. तिकडच्या भाषांत या दुखण्याला जी नावं आहेत ती म्हणे एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हटल्यासारखी आहेत, हाडात ठोके पडावेत तशी. आपल्या ‘ठणका’ आणि ‘ठसठस’ची बहीण.

पण विळा दिसणं वेगळं आणि दुखतं का ते कळणं वेगळं. ते कळायला आणखी तीस वर्षं गेली, आणि तो भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९१७ मध्ये व्हिक्टर एमेलने काचेखाली बंद केलेलं रक्त दिवसभर ठेवलं आणि रोग्याच्या निरोगी बापाच्या रक्तातही विळे होताना पाहिले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी एका छोट्या डबीत रक्त ठेवून आळीपाळीने वायू सोडले. प्राणवायू काढला की विळा, घातला की पुन्हा गोल. १९३० मध्ये माँट्रियलला स्क्रायव्हर आणि वॉ यांनी तर साधा रबरबँड वापरला. रोग्याच्या बोटाला तो बांधला, रक्त अडवलं, आणि थोड्या थोड्या वेळाने थेंब घेतला. रक्त जितकं थांबलेलं, तितके विळे जास्त. एका रबरबँडने सिद्ध झालं की ही पेशींची नुसती खोड नाही, रक्ताच्या वाहण्या-थांबण्याशी तिचा संबंध आहे.

१९४० मध्ये बॉस्टनच्या हॅम आणि कासल यांनी सगळ्याचं रहाटगाडगं मांडलं. विळे झाले की रक्त घट्ट होतं, घट्ट झालं की संथ होतं, संथ झालं की प्राणवायू अधिक सुटतो, आणि तो सुटला की आणखी विळे. रहाट एकदा फिरायला लागला की आपोआप थांबत नाही. मुलाच्या हातापायांत जे ‘ओढत’ होतं ते हे.

रक्त वाहतं कसं हे ज्याला शोधायचं होतं त्या प्वाझयचीही इथे आठवण येते. पॅरिसचा हा डॉक्टर १८४० च्या सुमाराला केसाएवढ्या काचेच्या नळ्यांतून द्रव किती वेळात जातो ते मोजत बसला. त्याला मोजायचं होतं रक्त, पण ते नळीत गोठायचं आणि तेव्हा सायट्रेट कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने पाणी मोजलं. नियम सापडला तो असा, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर वाहणं निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. पाण्यासाठी नियम चोख. रक्त मात्र त्यातून निसटतं. फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवलं की फार बारीक नळीत रक्त उलट पातळ वागतं, कारण पेशी मधोमध रांग धरतात आणि कडेने नुसतं पाणी सरकतं. शिस्तीत चालणाऱ्या माणसांना गल्ली पुरते तसं. ही शिस्त पेशी मऊ आहेत तोवरच.

मऊपणाचं सांगायचं तर बांगड्यांचं सांगावं लागेल. लाल पेशी साडेसात मायक्रॉनची आणि सगळ्यांत बारीक केशवाहिनी पाचच्या आसपास. तरी ती जाते. कासारीण बांगडी भरताना हाताची मूठ कशी दुमडते, अंगठा आत, करंगळी वर, बोटांची हाडं एकमेकांवर सरकवून हाताहून लहान बांगडी कशी चढवते, तशी पेशी दुमडून पलीकडे निघते. दिवसातून हजार वेळा, चार महिने. आता हात आखडलेला असला तर? बांगडी तरी फुटते किंवा हात तरी सोलवटतो. सिकलच्या पेशीचं दोन्ही होतं. नळीत अडकते, फुटते, एकशे वीस दिवस जगायची ती दहा-वीस दिवसांत संपते. डोळे पिवळे होतात ते त्या फुटलेल्या पेशींमुळे, आणि हाडं ठणकतात ती अडकलेल्यांमुळे. पाणथरी ही तर अशा पेशी गाळायचीच जागा. सुरुवातीला ती फुगते, पुढे बऱ्याच मुलांत सुकून जाते. डागण्या देणारा भगत चुकीच्या उपायाने का होईना, बरोबर जागी डाग देत होता.

पेशी आखडते का, याचं उत्तर १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. कासल यांच्याशी १९४५ मध्ये झालेल्या बोलण्यातून त्यांना हा धागा मिळाला होता. विजेच्या प्रवाहात या रोग्यांचं हिमोग्लोबिन वेगळ्या चालीने सरकतं हे हार्वे इटानो यांनी हाताने करून दाखवलं, आणि रोग रेणूत असू शकतो ही गोष्ट पहिल्यांदा पुराव्यानिशी मांडली गेली. पुढे केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅमने बदल नेमका कुठे ते शोधलं. बीटा साखळीत एकशे सेहेचाळीस मणी, त्यातला सहावा बदललेला. एवढ्याने प्राणवायू सुटताच रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतात, आणि दोऱ्यांनी भरलेली पेशी ताठ होते.

आपल्याकडे हा रोग आहे हे कागदावर आलं १९५२ मध्ये, एकाच वर्षात दोनदा. नीलगिरीच्या डोंगरांत लेमन आणि कटबुश यांना तो आदिवासींत दिसला, आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत डनलॉप आणि मजुमदार यांना. १९५८ मध्ये नागपूरच्या मेडिकलमधून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला सिकलसेल लॅन्सेटमध्ये छापला. आमचे सर त्याच सुमाराला तिथे विद्यार्थी होते. ते सांगायचे, तोवर अशी मुलं ‘कावीळ’, ‘संधिवात’, ‘हाडांचा क्षय’ अशा नावांनी वॉर्डात येत आणि जात. मूल तेच, केसपेपर दर वेळी नवा.

नाव मिळालं तशी पंचाईतही सुरू झाली. आमची काचेखालची चाचणी रोगी आणि वाहक यांत फरक करत नाही. दोघांचेही विळे होतात. ज्याच्याकडे दोन्ही जनुकं बिघडलेली तो रोगी, त्याला इकडे एसएस पॅटर्न म्हणतात. एकच बिघडलेलं तो वाहक, एएस पॅटर्न, आणि तो बहुधा चारचौघांइतकाच जगतो, नांगर धरतो, त्याला पत्ताही नसतो. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे इटानोंची ती विजेच्या प्रवाहातली तपासणी, लागतं आणि ते नागपूरला. नमुना बर्फात घालून एसटीने पाठवायचा, निकाल पंधरा दिवसांनी, आला तर. तोवर मुलीच्या घरी नुसतं ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ लिहिलेली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. त्या चिठ्ठीने मोडलेली लग्नं मला माहीत आहेत. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक. एवढं जपायला हवं हे खरंच, पण मोडलेल्या लग्नांतल्या समोरच्या मुलाची तपासणी कुणी केलेलीच नसायची. तपासायची ती मुलगी.

आणि जातीचं. ‘ही अमक्यांची बिमारी’ हे मी वरच्या पगाराच्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. बौद्ध समाजात, गोंड, माडिया, परधान यांच्यात, तिकडे नंदुरबारला भिल्ल आणि पावरा यांच्यात ती जास्त आहे हे खरं. पण माझ्या रजिस्टरात कुणबी होते, तेली होते. जनुकाला हिवताप कळतो, जात कळत नाही. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. त्यामुळे जिथे डास आणि हिवताप, तिथे हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. माझ्या टेबलावर सकाळी हिवतापाच्या काचपट्ट्या यायच्या आणि दुपारी सिकलच्या. एकाच सूक्ष्मदर्शकाखाली, एकाच जंगलातल्या गावांच्या.

आता माझ्या चुकीचं. १९८३ चा श्रावण. अकरा वर्षांची मुलगी, पाय दुखतात म्हणून आलेली. त्या आठवड्यात मेटाबायसल्फाइटची भुकटी ओलसर झाली होती आणि नवीन मागवलेली आली नव्हती. मी आदल्या दिवशीचं उरलेलं द्रावण वापरलं. ते हवेत मरतं, काही तासांतच, हे मला पाठ होतं. काचेखाली पेशी गोलच राहिल्या. मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि सही केली. दोन वर्षांनी ती लंगडत आली, मांडीच्या हाडाचं टोक रक्त न पोचून खचलेलं. ताज्या द्रावणाने दहा मिनिटांत विळे दिसले. मी तिच्या वडलांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मंग आता लहान्याचं पण पाहून घ्या.” लहान्याचं पाहिलं. तो एसएस निघाला.

आधी कळलं असतं तर तिचं खुब्याचं हाड वाचलंच असतं असं म्हणता येत नाही. पण पाणी भरपूर पी, थंडीत रोवणीच्या चिखलात उभी राहू नको, ताप आला की लगेच ये, एवढं तरी तिला दोन वर्षं कुणी सांगितलं असतं. पाणी कमी पडलं की पेशी आक्रसते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि दोऱ्या लवकर वळतात. म्हणून कापणीच्या उन्हात दुखणं उठतं. थंडीने नसा आवळतात म्हणून पौषातही उठतं.

त्यानंतर मी बाटलीवर तारीख आणि वेळ घालायला लागले, आणि दर वेळी खात्रीचं रक्त शेजारी लावायला लागले. खात्रीचं म्हणजे आमच्या शिपाईभाऊंचं. ते स्वतः एएस. मी हाक मारली की ते हातातला चहा खाली ठेवून बोट पुढे करायचे. त्यांचे विळे झाले तर द्रावण जिवंत, नाही झाले तर ओतून द्यायचं. रोज बोट टोचून घेतलेला हा माणूस कोणत्याही अहवालात नाही.

उपचारांचा इतिहास मी लांबवत नाही, तो माझ्या टेबलाच्या पलीकडचा. पण दोन गोष्टी नळीशी जोडलेल्या आहेत. पहिली, रक्त चढवणं. नातेवाईक म्हणतात, हिमोग्लोबिन सात आहे, बारा करून टाका. या रोगात ते करायचं नसतं. पांढुरकेपणा हीच त्या शरीराने काढलेली वाट असते, रक्त पातळ राहतं म्हणून विळे असूनही वाहतं. रोग्याच्या स्वतःच्या पेशी तशाच ठेवून वरून भर घातली आणि आकडा दहा-अकराच्या पुढे नेला, तर रक्त घट्ट होऊन तेच रहाटगाडगं फिरतं. जिथे खरोखर गरज असते तिथे जाणते डॉक्टर आधी काढतात आणि मग घालतात.

दुसरी, हायड्रॉक्सियुरिया. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं होतं की या रोगाच्या तान्ह्या बाळांचं रक्त सहसा विळे धरत नाही, कारण आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. ते दोऱ्या वळू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया ही मुळात कर्करोगाची गोळी, ती हे बाळ-हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दुखण्याच्या खेपा जवळपास निम्म्यावर आल्या. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी पुढे किलोला दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही मुलांना गुण येतो हे दाखवलं. भारतीय रोग्यांत बाळ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून आपला सिकल सौम्य, असं पुस्तकं बरीच वर्षं म्हणत होती. ज्याने विदर्भातला वॉर्ड पाहिलाय त्याला हे वाक्य गिळवत नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा मोठ्या रुग्णालयांत एचपीएलसीची यंत्रं आली होती. काही मिनिटांत कागद बाहेर येतो आणि एस किती, ए किती, बाळ-हिमोग्लोबिन किती, टक्क्यांत छापलेलं असतं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य आहे. गावपातळीवर पहिली गाळणी मात्र अजून बऱ्याच ठिकाणी साध्या द्रावणाचीच आहे. रक्ताचा थेंब टाकायचा, गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. फार चांगली चाचणी आहे. पण तिच्यातही द्रावण असतं, आणि द्रावण मरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती लागूच पडत नाही, त्याचं एस अजून पुरतं आलेलं नसतं.

तेव्हा एवढंच सांगते. तुमच्या घरातलं पोर पांढुरकं असेल, डोळे पिवळे होत असतील, हातपाय ओढतात म्हणून रात्री रडत असेल आणि रक्त इतकं कमी असूनही ईएसआर चार-पाचच आला असेल, तर ‘निगेटिव्ह’ लिहिलेल्या चिठ्ठीवर थांबू नका. पुन्हा तपासायला सांगा, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी करायला सांगा. आणि तपासणारी मुलगी समोर असेल तर रागावू नका, फक्त विचारा, बाई, द्रावण आजचं आहे ना?